शेवटचा रेस्तितूतो

"कोकरू माझ्याकडून!" लेओन्सियोने काउंटरवर मूठ आपटली. "नातू झाला आणि त्याला तुझंच नाव, रेस्तितूतो, ठेवलं, तर भट्टीत भाजलेलं अख्खं कोकरू, साऱ्या बारला. आणि नाही ठेवलं, तर तुझ्याकडून. बोल, आहे हिंमत?"

"ठेवतील की," रेस्ती म्हणाला. म्हणाला खरा, पण आवाज हवा तेवढा निघाला नाही.

"म्हणे ठेवतील! अरे, सून शहरातली तुझी. हल्ली तिकडे पोरांना काय नावं देतात माहीत आहे का? माझ्या भाचीच्या मुलाचं नाव मला कुत्र्याचं वाटलं. चक्क शीळ घातली मी त्याला."

बार खो खो हसला. बार म्हणजे तरी किती, सात-आठ म्हातारे आणि काउंटरमागे कासिल्दा. कासिल्दा पन्नाशीची, त्यामुळे वियालुंब्रेस गावात तरुण मंडळींत तिची गणना होत असे.

"लेओन्सियोकाका, आज त्यांच्या संताचा दिवस आहे," ती म्हणाली. "आजच्या दिवस तरी छळू नका त्यांना."

"छळतोय कुठे? कोकरू देतोय."

रेस्तीने हात पुढे केला. लेओन्सियोने त्यावर टाळी दिली. पैज लागली.

वियालुंब्रेसमध्ये वाढदिवस पोराटोरांचे. मोठ्या माणसाचा खरा दिवस म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा. त्या दिवशी आमंत्रणाची वाट कुणी पाहत नाही. सकाळी बारमध्ये यायचं, ज्याचा दिवस त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि त्याने पाजलेली वर्मूथ, म्हणजे मसाल्याची वाइन, प्यायची. संध्याकाळी मात्र उलट. संध्याकाळी कासिल्दा रेस्तीसमोर आपल्याकडून एक बशी ठेवायची. पावाची जाड फोड, तिच्यावर लाल वाइन, वर चांगली दोन चमचे साखर. रेस्तीची आई त्याला लहानपणी द्यायची तशी. आई गेल्यावर कासिल्दाच्या आईने ही रीत उचलली, तिच्यामागे कासिल्दाने. रेस्तीला वाइन-साखरेचा पाव म्हणजे जीव की प्राण, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे गावात शेंबडी पोरं होती तेव्हा.

आता ती नव्हती आणि रेस्तीचं दुखणं नेमकं तेच होतं.

हा माणूस जन्मभर पावाची गाडी चालवत आला. पहाटे भट्टी, मग ती पांढरी व्हॅन, मग एकामागून एक गावं. चौकात गाडी उभी करून तो भोंगा वाजवायचा, दोन लांब आणि एक आखूड, की दारं उघडायची. ओनेसिमोला करपलेला पाव लागे, एउफ्रासियाबाईला बिनमिठाचा. फिलोमेना नावाची एक विधवा रोज दोन पाव घ्यायची, नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी. रेस्तीने तिला कधी विचारलं नाही. दुसरा पाव तो मुकाट्याने कागदात गुंडाळून देई. मग एकेक दार उघडायचं थांबलं. आधी ओनेसिमो गेला, आणि त्याच्याबरोबर त्या गावातलं ते नावही गेलं, कारण त्याचं कुणी कुणाला दिलं नव्हतं. मग एउफ्रासिया, मग बाकीच्या. शेवटी शेवटी तो रिकाम्या चौकात भोंगा वाजवायचा आणि फक्त चिमण्या उडायच्या. माणसं मरतात, त्याला इलाज नाही, असं तो म्हणे. पण नावानेही त्यांच्या मागोमाग खड्ड्यात उडी का घ्यावी?

म्हणून त्याला नातू हवा होता आणि नातवाला आपलं नाव हवं होतं. गावची रीत तशीच होती. पहिल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव, आणि त्याच्या पाठच्यांना ज्या दिवशी जन्मतील त्या दिवसाच्या संताचं. एवढी साधी गोष्ट. पण मुलाला आणि सुनेला ती तोंडाने सांगणं त्याच्या जिवावर येत होतं. मागून घेतलं तर त्यात काय राहिलं, असं त्याला वाटे. शिवाय एक मूल त्या दोघांनी आधीच पुरलं होतं. तीन वर्षांमागे वायादोलिद शहरातल्या इस्पितळात सातव्या महिन्यात जन्मलं आणि दोन दिवस जगलं. त्याचं नाव रीत सोडून माटेओ ठेवलं होतं. अशा घरात जाऊन नावासाठी हट्ट धरायचा म्हणजे माणसाने थोडीतरी लाज बाळगायला हवी. रेस्तीने ती बाळगली होती. मात्र फोनवर दर रविवारी तो "मग, काय ठरवलंत?" एवढं विचारायचा, आणि "अजून नाही" ऐकलं की हवापाण्यावर घसरायचा.

बारमधून तो घरी निघाला. रस्त्याकडेच्या पॉपलर झाडांची कापसासारखी म्हातारी हवेत तरंगत होती आणि गव्हाची शेतं हिरव्यातून पिवळ्यात उतरू लागली होती. मे सरताना दरवर्षी हे असंच असतं, आणि दरवर्षी या रस्त्याने जाताना त्याला दोन अन्तोनियो आठवत.

दोन अन्तोनियो म्हणजे गावचे पाद्री अन्तोनियो आणि त्यांचं गाढव. गाढवाला तेच नाव खुद्द पाद्रीबुवांनीच ठेवलेलं, म्हणजे लोकांनी मागून ठेवायला नको. रेस्ती आठ-नऊ वर्षांचा असेल तेव्हा याच रस्त्यावर त्याने पाद्रीबुवांना गाठलं होतं.

"बुवा, माझा संत मेमध्ये का? मी तर फेब्रुवारीत जन्मलो. बाकी किती पोरांचा वाढदिवस आणि संत एकाच दिवशी येतात."

"खरं आहे. तारखेने तू कोनराडो व्हायचास."

"मग?"

"तुझ्या आईने मला पंचांग चाळायला लावलं. म्हणाली, हे नको, ते नको. अख्खी दुपार गेली माझी. मग हे सापडलं." पाद्रीबुवांनी गाढवाचा दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "जुनं नाव आहे, रोमच्या वेळचं. रोममध्ये एक रेस्तितूतो आपल्या श्रद्धेसाठी मेला, त्याचा हा दिवस. आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, परत दिलेला. जे गेलं होतं आणि पुन्हा जागेवर आणून ठेवलं, ते."

"मी कुठे गेलो होतो?"

पाद्रीबुवांनी त्याला उचलून गाढवावर बसवलं आणि घरापर्यंत सोडलं. त्या वयात एवढं पुरलं. पुढे कित्येक दिवस रेस्ती पोरांना सांगत फिरला, की मला देवाने परत पाठवलंय. पोरांनी त्याला दगड मारून पाहिले, खरंच परत येतो का ते.

घरी येऊन त्याने डाळ-चोरिसो सॉसेजचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं, टेबलावर वारलेल्या बायकोच्या, विसितासिओनच्या, हातची भरतकामाची चादर घातली आणि गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसला. मुलगा आणि सून आले तेव्हा चर्चच्या घड्याळाने एक ठोका दिला होता. हे घड्याळ नेहमीच एक ठोका द्यायचं, वाजले कितीही असोत.

"बाबा, अभिनंदन!" इसिद्रोने त्याला मिठी मारली. इसिद्रो पस्तिशीचा, अंगाने भरलेला, डोकं मागून उघडं पडत चाललेलं. त्याच्यामागून नोएलिया उतरली, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात बेकरीचा खोका. आठवा महिना होता.

"पोरी, दे तो इकडे. तू कशाला उचलतेस?"

"केक आहे हो, गव्हाचं पोतं नाही," नोएलिया म्हणाली आणि त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ही मुलगी रेस्तीला आवडायची. शहरातली असून जेवताना पाव हाताने तोडायची.

जेवण झालं. वायादोलिदचं ऊन, इसिद्रोच्या कचेरीतला साहेब, लेओन्सियोची गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. रेस्तीने पैजेचा विषय काढला नाही. केक कापण्याआधी नोएलियाने इसिद्रोकडे पाहिलं, इसिद्रोने मान हलवली. म्हाताऱ्याने सुरी हातात घेतली.

"बाबा," नोएलिया म्हणाली, "तुमच्यासाठी भेट आणलीय. पण खोक्यात नाही."

"मग?"

"मुलगाच आहे. आणि त्याचं नाव रेस्तितूतो ठेवायचं ठरलं."

रेस्तीने सुरी खाली ठेवली. एवढे महिने मनात मांडे खाल्ले होते, आणि आता ते खरोखर ताटात पडल्यावर काय करायचं हे त्याला सुचेना. डोळे भरून आले. हसूही आलं. लेओन्सियोचं तोंड कसं होईल तेही दिसलं. गावात पुन्हा कुणीतरी "रेस्ती!" अशी हाक मारेल आणि एक पोर धावत येईल.

"खरं सांगतेस?"

"खरं. इसिद्रो तर आधीपासून म्हणत होता. मलाच ते जड वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग एके रात्री मी फोनवर अर्थ शोधला." तिचा आवाज बारीक झाला. "परत दिलेला. बाबा, मी नुसती रडत बसले. वाटलं, हे नाव आपल्यासाठीच होतं इतके दिवस, आणि मी वेडी नको म्हणत होते. माटेओ परत येतोय, असंच वाटतंय मला. खोली तशीच आहे त्याची. पाळणा तोच, ती निळी टोपी तीच. काही बदलायचं नाही, असं ठरवलंय आम्ही. सगळं त्याचंच याला."

इसिद्रोने बायकोच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही त्याच्याकडे आशेने पाहत होती. आता म्हाताऱ्याने उठून मिठी मारायची, एवढंच बाकी होतं.

रेस्ती उठला. पण तो परसात गेला.

परसात जुनी भट्टी होती. दार गंजलेलं, आत कोंबड्यांचा दाणा. भट्टीला पाठ टेकून तो उभा राहिला. हो म्हणायचं, त्यात काय? नावच तर आहे. पोराला अर्थ कोण सांगायला बसलंय? दोन अन्तोनियो कधीच गेले. तो स्वतःही आज ना उद्या जाईल. मग ते नाव साधंसरळ नाव होईल, दहा जणांत उठून दिसेल. आणि आपण इथे मातीत पडलेलो असलो, तरी वर कुणीतरी ते लिहील, सही करेल, ओळख करून देताना उच्चारेल. माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

मग त्याला ती निळी टोपी दिसली. पाहिलेली नव्हती, तरी दिसली.

"काय झालं, बाबा?" इसिद्रो दारात उभा होता.

"हे नाव ठेवू नका," रेस्ती म्हणाला.

"काय?"

"ठेवू नका. दुसरं कुठलंही ठेवा."

इसिद्रो भडकला. एरवी शांत माणूस, पण आता त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "तू थट्टा करतोयस का बाबा? आठ महिने दर रविवारी काय ठरवलं, काय ठरवलं! माटेओच्या वेळी तू पंधरा दिवस फोन केला नाहीस, ते आम्हाला कळलं नाही असं वाटतं तुला? आज तिने एवढं मन मोठं केलं, आणि तू तिच्या तोंडावर..."

"हो. केला नव्हता फोन," रेस्ती म्हणाला. "चुकलंच माझं. चल आत, दोघांनाही दाखवतो."

स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर, कमरेच्याही खाली, चाकूने केलेली एक खूण होती. चौकटीला कितीदा रंग दिला गेला, पण खूण कधी बुजली नाही, कारण रंगवताना तेवढी जागा आई सोडायला लावायची. पुढे रेस्तीही सोडू लागला.

"ही काय आहे, सांग इसिद्रो."

"तुझी. तू लहान असतानाची उंची. आईने सांगितलेलं."

"तुझ्या आईला मीच तसं सांगितलं होतं. ही माझी नाही. ही एउतिमियोची."

"कोण एउतिमियो?" नोएलियाने विचारलं. ती टेबलाला धरून उभी राहिली होती.

"माझा मोठा भाऊ. चार वर्षांचा होऊन घटसर्पाने गेला. पुढच्या हिवाळ्यात मी झालो." रेस्ती खुर्चीवर बसला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि या विषयावर तर तो कधीच कुणाशी बोलला नव्हता. "पोरी, तू म्हणालीस ना, सगळं त्याचंच याला? माझं तसंच झालं. त्याचे बूट, त्याचा कोट, पलंगाची त्याची बाजू. बापाने कधीतरी त्याला भट्टीत पीठ मळायला बसवलं होतं, मग बाप म्हणायचा, हा भट्टीवालाच होणार. झालो. त्याला वाइन-साखरेचा पाव आवडायचा. मला नाही आवडायचा. वाइनने भिजलेला पाव तोंडात गेला की मला कसंतरी व्हायचं. पण आई समोर बसायची, हनुवटीखाली हात घेऊन, आणि मी खाल्ला की तिचा चेहरा असा उजळायचा... तुम्हाला सांगता येत नाही मला. मग मी खायचो."

भांड्यातली डाळ थंड होऊन वर साय धरू लागली होती.

"दर महिन्याला ती मला या चौकटीला उभं करायची. डोक्यावर लाकडी चमचा आडवा धरायची आणि बघायची, किती राहिलं. मला वाटायचं, लवकर पोचावं, म्हणजे ती खूश होईल. एक दिवस पोचलो. बरोब्बर खुणेला डोकं लागलं. त्या दिवशी तिने मला इतकं जवळ घेतलं की श्वास अडकला. पुढच्या महिन्यात मी खुणेच्या वर गेलो." रेस्तीने चौकटीकडे पाहिलं. "त्यानंतर तिने मला कधीच उभं केलं नाही. मारलं नाही, रागावली नाही, तसली बाई नव्हती ती. फार चांगली होती माझी आई. पण चार वर्षांपर्यंत तिला माहीत होतं मी कोण ते. नंतर माझं काय करायचं, ते तिला कळेनासं झालं."

नोएलिया रडत होती, आवाज न करता.

"मी वाईट जगलो असं नाही म्हणत. विसितासिओन मिळाली, हा मिळाला," त्याने इसिद्रोकडे हनुवटी केली. "पण माटेओची जागा माटेओची आहे, पोरी. तिथे याला बसवू नका. तो दोन दिवस का होईना, आला होता. त्याची टोपी त्याच्या नावाने ठेवून द्या कपाटात. आणि याला नवी आणा. लाल आणा, पिवळी आणा."

माटेओ हे नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. इसिद्रोच्या ते लक्षात आलं. तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि बापाच्या खांद्यावर त्याने दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ते तिथेच होते.

"मग नाव काय ठेवायचं हो?" शेवटी नोएलियाने नाक पुसत विचारलं. "मी तर सगळ्यांना सांगून बसलेय."

"त्याचं तोंड तर बघा आधी," रेस्ती म्हणाला. "नाहीतर इसिद्रोसारखं करा. याच्या वेळी माझ्या बापाचा हक्क होता, निकासियो ठेवायला हवं होतं. पण हा नेमका संत इसिद्रोच्या दिवशी जन्मला, बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत असताना. बाप म्हणाला, राहू दे, पोरगं स्वतःचं नाव वाजवतच आलंय."

नोएलिया रडता रडता हसली. मग त्यांनी केक कापला. फार गोड होता, तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.

संध्याकाळी तिघंही बारमध्ये गेले. ऊन अजून चौकात रेंगाळत होतं. लेओन्सियो दाराकडे तोंड करूनच बसला होता, पत्त्यांचा डाव नुसता नावाला.

"या, या! सूनबाई, बसा. खुर्ची द्या रे तिला. मग रेस्ती? कोकरू कुणाचं?"

"माझं," रेस्ती म्हणाला.

पैज जिंकली तरी लेओन्सियोचा चेहरा पडला. त्याला मनातून हरायचं होतं, ते आता सगळ्यांनाच कळलं.

"म्हणजे नाही ठेवत?"

"मीच नको म्हणालो."

"हो, हो. तूच नको म्हणालास," लेओन्सियो त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाला, जसं आजारी माणसाला थोपटतात. बाकीचे म्हातारे माना खाली घालून आपापले पत्ते बघू लागले. एकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून नोएलियाकडे पाहिलं, आणि ती नजर काही चांगली नव्हती.

"अहो, आम्ही तर..." नोएलिया लाल होऊन बोलू लागली.

"ऐका सगळे," रेस्तीने तिला थांबवलं. "ही पोरगी आज माझ्या घरी येऊन ते नाव माझ्या हातात देत होती. मी घेतलं नाही. ज्याला पटत नाही त्याने कोकरू खाऊ नये."

कोकरू कुणालाच सोडायचं नव्हतं. तेवढ्यात कासिल्दा काउंटरमागून बशी घेऊन आली. दरवर्षीसारखी. पावाची जाड फोड, वाइन खालपर्यंत झिरपलेली, वर साखर अजून न विरघळलेली. तिने ती त्याच्यापुढे ठेवली आणि नॅपकिन नीट घडी करून बाजूला.

"घ्या, रेस्तीकाका. तुमचं वर्षाचं सुख."

रेस्तीने बशीकडे पाहिलं. सवयीने हात पुढे गेला आणि फोडीच्या कडेला लागून थांबला.

"कासिल्दा," तो म्हणाला, "रागावू नकोस. मला हे आवडत नाही."

"यंदा साखर जास्त झाली का?"

"नाही. कधीच आवडलं नाही."

"कधीच म्हणजे?" कासिल्दा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी आई देत होती तेव्हापासून?"

"माझी आई देत होती तेव्हापासून."

"देवा रे! मग इतकी वर्षं कुणासाठी करत होतो आम्ही हे?"

"माझ्या भावासाठी. एउतिमियो. त्याला आवडायचं."

"तुला भाऊ होता?" लेओन्सियो पत्ते टेबलावर उपडे टाकून म्हणाला. तो रेस्तीबरोबर शाळेत एका बाकावर बसला होता, लष्करात एका गाडीने गेला होता, त्याच्या लग्नात नाचला होता. "अरे, मला कधी बोलला नाहीस?"

"होता. माझ्याआधी. एउतिमियो नाव त्याचं."

लेओन्सियोने डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "कोकरू अर्धं अर्धं," तो म्हणाला. "बास. आणि यावर वाद नको."

कासिल्दाने बशी उचलली. पण ती गेली नाही, बशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मग तुम्हाला काय आवडतं, रेस्तीकाका?"

प्रश्न साधा होता. बारमध्ये दिवसातून शंभरदा विचारला जाणारा. पण रेस्ती काउंटरच्या काचेकडे बघू लागला. आत ऑलिव्ह होते, लोणच्याच्या मिरच्या होत्या, थंडगार ऑम्लेट होतं, मेंढीच्या दुधाचं पिवळं चीज होतं. तो एकेकावर नजर फिरवत राहिला, आणि त्याला घाई करावी असं कुणालाच वाटलं नाही. नोएलियाने टेबलाखालून त्याचा हात धरला होता.

"चीज," शेवटी तो म्हणाला. "ते जुनं, कडक. जरा जाड कापून."

"आणि पाव?"

जन्मभर पाव भाजलेला माणूस. त्याने क्षणभर विचार केला.

"नको," रेस्तितूतो म्हणाला. "पाव नको. नुसतं चीज."